नरसाळे, एम.एड. आणि तंत्रशिक्षिकेचा प्रश्न

स.न.वि.वि.

तुमचे चार पानी पत्र दोनदा वाचले. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून त्याचा गोषवारा आधी देतो. तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत अकरा वर्षे तांत्रिक विषय शिकवता. यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर दोन वर्षे एमआयडीसीत नोकरी केली, मग शाळेत आलात आणि सेवेत असतानाच बी.एड. पूर्ण केलेत. वय सदतीस, मुलगी चौथीत, यजमान बँकेत. आता पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे मनात आहे, पण प्रत्येक जण वेगळी वाट दाखवतो. मुख्याध्यापक म्हणतात, ‘एम.एड. करा, पुढे मुख्याध्यापक व्हाल.’ पुण्यातले बंधू म्हणतात, ‘एम.टेक. केलेस तर महाविद्यालयात जाशील.’ शेजारच्या वर्गावरच्या मैत्रिणीने शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची जाहिरात पाठवली आहे, आणि अमेरिकेतली मावसबहीण तिकडच्या विद्यापीठातून घरबसल्या पदवी घेण्याचा आग्रह धरते आहे. या सगळ्यानंतर तुम्ही लिहिता, ‘मला मी जे शिकवते त्याचाच अभ्यास करायचा आहे. असा अभ्यास कुठे असतो का?’

तुमचा खरा प्रश्न हाच आहे असे मी समजतो आणि त्याचेच उत्तर देतो. बाकीच्या वाटा त्याच्याशी ताडून पाहू.

पहिला घोटाळा नावाचा आहे. ‘शैक्षणिक तंत्रज्ञान’ आणि ‘तंत्रज्ञानाचे शिक्षण’ हे शब्द ऐकायला सख्खे भाऊ वाटतात, प्रत्यक्षात त्यांचे गोत्र वेगळे आहे. कोणताही विषय शिकवण्यासाठी चित्रफीत, संगणक, दूरस्थ साधने कशी वापरावीत, आशयाची मांडणी कशी करावी, शिकणाऱ्याला प्रतिसाद कसा द्यावा, याचा विचार पहिल्यात होतो. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा जुहू आवारातील विभाग हे काम फार वर्षांपासून करतो आहे, आणि आयआयटी मुंबईतही २०१० पासून या क्षेत्रात पीएच.डी. करता येते. दोन्ही ठिकाणचे काम कसाचे आहे. पण तिथे तंत्रज्ञान हे साधन असते. तुमच्या वर्गात तेच शिकण्याचा विषय असते: पत्रा, कानस, गुण्या, लेथ, रेखाकृती, आणि या सगळ्यांतून घडणारी मुलांची विचार करण्याची एक रीत. मैत्रिणीने पाठवलेला अभ्यासक्रम केलात तर तुम्ही स्लाइड आणि चित्रफिती उत्तम कराल, पण तुमच्या कार्यशाळेला पडलेला प्रश्न तिथेच राहील.

तो प्रश्न कोणता, हे तुमच्या पत्रातच आहे, तेही तुम्ही कंसात, जाता जाता लिहिलेल्या मजकुरात. नववीच्या तुकडीला तुम्ही पत्र्याचे नरसाळे करायला दिलेत. पत्रा वाया जाऊ नये म्हणून आधी कार्डशीटवर उलगडा, म्हणजे घन वस्तू उघडून सपाट केली तर दिसेल तो आकार, काढायला सांगितलात, ज्याला वर्गात सगळे डेव्हलपमेंटच म्हणतात. वीसपैकी बहुतेकांनी समलंब चौकोन काढला, कारण समोरून पाहिले तर नरसाळ्याचा वरचा भाग तसाच दिसतो. कापून, गुंडाळून, डिंकाने चिकटवून त्यांनी ते रुंद तोंडावर उपडे ठेवले, तेव्हा प्रत्येकाचे नरसाळे शिवणीच्या टोकावर उभे राहून कलंडू लागले. कोणाला कळेना की मापे बरोबर असून हे असे का झाले. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, हे सरळ कापायचे नसते. आई अंब्रेला फ्रॉक बेतते तसे गोलाईत कापायचे.’ तिची आई घरी शिवणकाम करते. तिने कंपास न घेता, दोरा आणि पेन्सिल घेऊन दोन कमानी मारल्या, वरून शिवणीसाठी अर्धा इंच जास्त सोडला, आणि तिचे नरसाळे टेबलावर सपाट बसले.

हे लिहून झाल्यावर तुम्ही ‘असो’ म्हणून पुढे एम.एड.च्या फीकडे वळलात. मी मात्र तिथेच थांबलो. सपाट कागद आणि घन वस्तू यांच्यामधली वाट मुलांच्या डोक्यात कशी तयार होते? समोरचे दृश्य म्हणजेच उलगडा, असे इतक्या मुलांना का वाटते? आईच्या शिवणयंत्राशेजारी बसून आलेले ज्ञान तंत्रशाळेच्या वहीत कधी उतरते आणि कधी दाराबाहेरच राहते? मुलीला उत्तर माहीत होते, पण ते भूमितीच्या भाषेत सांगता आले नाही. ते तसे सांगता यावे म्हणून शिक्षकाने काय करायचे? एका तासिकेतून निघालेले हे प्रश्न पीएच.डी.ला पुरून उरतील. तुम्ही जे शिकवता त्याचा अभ्यास म्हणजे हाच.

असा अभ्यास करणारे लोक जगात आहेत आणि आपल्या शेजारीही आहेत. इंग्लंड-वेल्सच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात १९९० पासून ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ हा शालेय विषय आला. अमेरिकेत जुन्या ‘इंडस्ट्रियल आर्ट्स’मधून म्हणजे सुतारकाम-पत्राकामातून हा विषय वाढला आणि तिथल्या शिक्षकांच्या संघटनेने १९८५ मध्ये आपल्या नावातच ‘टेक्नॉलॉजी एज्युकेशन’ हे शब्द घेतले. त्यामागे केवळ नाव बदलण्याची हौस नव्हती. मुलाच्या हाताला एक कारागिरी लावून देणे हा जुना हेतू होता. वस्तू कशी सुचते, कशी आखली जाते, कशी बिघडते आणि कोणाच्या उपयोगी पडते, हे प्रत्येक मुलाला कळावे हा नवा. इकडे मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ साली सुरू झालेले. तिथल्या चित्रा नटराजन, सुग्रा चुनावाला, रितेश खुन्याकारी आणि स्वाती मेहरोत्रा यांच्या गटाने माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी पिशवी तयार करणे, वजन उचलणारी पवनचक्की करणे आणि बाहुल्यांचा खेळ उभा करणे असे पाठ रचले, आणि ते शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या, शहरातल्याच मराठी माध्यमाच्या व ग्रामीण आदिवासी भागातल्या मराठी माध्यमाच्या मुलांबरोबर करून पाहिले. मुले आधी चित्र काढून विचार करतात का, काढलेल्या चित्राप्रमाणे वस्तू करतात का, आणि करताना चित्र सोडून देतात तेव्हा नेमके काय होते, हे त्यांनी बारकाईने पाहिले. तुमच्या नरसाळ्याचे आणि त्यांच्या पिशवीचे नाते सांगायला नको. पिशवीही सपाट कापडातूनच घडते.

मग अशी पदव्युत्तर पदवी शिक्षकासाठी सरळ उपलब्ध का नाही? याला थोडा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला तर निराशा कमी होते. मुदलियार आयोगाने पन्नाशीच्या दशकात बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली. त्या शाळांना तंत्र, शेती, वाणिज्य शिकवणारे शिक्षक हवेत म्हणून १९६३ च्या सुमारास अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे विभागीय शिक्षण महाविद्यालये निघाली, आणि तिथे तंत्रशिक्षक घडवण्याचे चार वर्षांचे अभ्यासक्रमही चालले. बहुउद्देशीय शाळांची लाट ओसरली तसे ते अभ्यासक्रमही बंद पडले. आज त्या संस्था आहेत, पण तंत्रशिक्षकाची ती वाट नाही. मग कोठारी आयोगाने कार्यानुभव आणला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असे भारदस्त नाव दिले, आणि माझ्या पिढीने त्या तासाला खडू आणि मेणबत्त्या केल्या. (माझ्या मेणबत्त्या तिरप्या व्हायच्या आणि त्याचे कारण मला कोणी विचारले नाही, मीही स्वतःला विचारले नाही.) सांगायचे एवढेच की हाताने शिकण्याचा विषय दर पिढीला नव्या नावाने येत राहिला, आणि तो शिकवणाऱ्याच्या उच्च शिक्षणाचा विचार मात्र दर वेळी राहून गेला. त्यामुळे तयार पायवाट नाही, ती तुम्हालाच जोडून घ्यावी लागेल.

आता एकेका सल्ल्याकडे येतो. मुख्याध्यापकांचा सल्ला सद्भावनेचा असला तरी त्याचा आधार कच्चा आहे. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांना लागू असलेल्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे माध्यमिक मुख्याध्यापकपदासाठी पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो, त्यांपैकी दोन वर्षे बी.एड. नंतरची. त्यापुढे प्रश्न उरतो तो सेवाज्येष्ठतेचा. एम.एड. नसल्यामुळे तुमची ज्येष्ठता अडणार नाही, आणि एम.एड. केल्याने ती वाढणारही नाही. बारा वर्षांनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा आणि चोवीस वर्षांनंतरच्या निवड श्रेणीचा विषय वेगळा आहे. निवड श्रेणीच्या वेळी वाढीव शैक्षणिक अर्हता पाहिली जाते, म्हणून आज घेतलेली पदव्युत्तर पदवी पुढे उपयोगी पडू शकेल. मात्र ती पदवी कोणत्या विषयातली चालते, हे शाळेच्या लिपिकाशी चहाच्या वेळी बोलून ठरवू नका. शिक्षणाधिकारी कार्यालयाला अर्ज करून लेखी उत्तर घ्या आणि पदवी मिळाल्यावर सेवापुस्तकात नोंद करून घ्यायला विसरू नका.

एम.एड. वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. २०१४ च्या राष्ट्रीय नियमांनुसार तो दोन वर्षांचा, ऐंशी श्रेयांकांचा (क्रेडिटचा) झाला, त्यात लघुप्रबंध आहे आणि शाळा-महाविद्यालयांतले प्रत्यक्ष कामही आहे. ज्यांना पुढे अध्यापक महाविद्यालयात शिकवायचे आहे त्यांनी तो जरूर करावा. पण त्याच नियमांत तासिकांना ८० टक्के आणि क्षेत्रकार्याला ९० टक्के उपस्थिती सांगितली आहे. तुमच्या शाळेपासून एम.एड.चे महाविद्यालय सत्तर किलोमीटरवर आहे असे तुम्ही लिहिता, आणि त्याच पानावर ‘तिथे नॉन-अटेंडिंग चालते असे कळले’ असेही लिहिता. ताई, हा मोह टाळा. नियम मोडतो एवढ्यासाठीच नव्हे, जरी तेही कारण पुरेसे आहे. तुम्हाला शिकायचे आहे. न जाता मिळालेल्या पदवीत शिकणे तेवढे वगळलेले असते, आणि उद्या कोणी हजेरीपट जुळवून पाहिला तर त्याच दिवशी तुमच्या शाळेच्या हजेरीपटावरही तुमची सही सापडेल. अध्ययन रजा मिळत असेल तर गोष्ट निराळी. तुमची संस्था ती देईल असे पत्रावरून दिसत नाही.

इथे माझीच एक गोष्ट सांगतो. मी एम.एड. नियमित केले, हजेरीही भरली, आणि तरीही लघुप्रबंध वाया घालवला. मार्गदर्शकांनी विषय दिला, शिक्षकांच्या अभिवृत्तीचा. मी शंभर प्रश्नावल्या वाटल्या, टक्केवारी काढली, काळ्या रेक्झिनमध्ये सोनेरी अक्षरांत बांधून दिला. पंधरा वर्षांनी त्या ग्रंथालयात गेलो तेव्हा कपाटातून तो काढून पाहिला. मागच्या पानावर देय दिनांकाची चिठ्ठी चिकटवलेली होती आणि तिच्यावर एकही शिक्का नव्हता. दोष मार्गदर्शकांचा नव्हता, माझा होता. त्या वर्षांत मी सातवीला विज्ञान शिकवत होतो, विद्युत मंडलाची आकृती बरोबर काढणारी मुले प्रत्यक्ष जोडणी करताना हमखास चुकत होती, हे मी रोज पाहत होतो, आणि त्याबद्दल एक ओळही मी लिहिली नाही, कारण तो ‘विषय’ असू शकतो असे मला वाटलेच नाही. पदवी कोणतीही घ्या, पण तिच्या लघुप्रबंधात तुमची कार्यशाळा असली पाहिजे. ज्या अभ्यासक्रमात ती नेता येत नाही, तो तुमच्यासाठी नाही.

याच कसोटीवर बंधूंचा एम.टेक.चा सल्ला उतरत नाही. उत्पादन अभियांत्रिकीत किंवा कॅड-कॅममध्ये एम.टेक. केलेत तर यंत्राबद्दल अधिक कळेल, यंत्रापुढे उभ्या असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल नाही. अपवाद म्हणून आयआयटी मुंबईतल्या ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान पर्याय शोधणाऱ्या केंद्राचे, म्हणजे ‘सितारा’चे, नाव घेता येईल. ते १९८५ पासून काम करते आणि तंत्रज्ञान व विकास या विषयात एम.टेक. देते, तिथले विद्यार्थी गावात राहून पाणी, इंधन, शेती यांचे प्रश्न अभ्यासतात. त्यांची दृष्टी तुमच्या कामाजवळची आहे. पण तो पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे, आणि चौथीतल्या मुलीला साताऱ्यात ठेवून दोन वर्षे पवईला राहायचे का, हे मी ठरवू शकत नाही. भोपाळची राष्ट्रीय तंत्रशिक्षक प्रशिक्षण व संशोधन संस्था आपल्या पश्चिम विभागासाठीच आहे, परंतु तिचा रोख तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शिक्षकांवर असतो.

मावसबहिणीचा आग्रह प्रेमाचा आहे. अमेरिकेत तंत्रज्ञान शिक्षकांसाठी खास पदव्युत्तर अभ्यासक्रम खरोखरच चालतात, काही घरबसल्याही करता येतात. पण फी डॉलरमध्ये, इथे नोकरीसाठी पदवीची समकक्षता सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची, आणि ऑनलाइन परदेशी पदवीला ती मिळेल असे गृहीत धरून पैसे भरू नयेत. बहिणीकडून पदवीऐवजी अभ्यासक्रमाची वाचनसूची मागवा. ती फुकट आहे.

आता माझा सल्ला. या वर्षी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या एम.ए. शिक्षणशास्त्राला प्रवेश घ्या. कोणत्याही शाखेचा पदवीधर त्याला बसू शकतो, नोकरी सोडावी लागत नाही, आणि त्यात लघुप्रबंध आहे. अभ्याससाहित्य हिंदी-इंग्रजीत आहे, तुम्हाला ते जड जाणार नाही. दुसऱ्या वर्षी विशेष क्षेत्र निवडताना यादीत ‘शैक्षणिक तंत्रज्ञान’ दिसेल. नावाला भुलून ते घेऊ नका, आणि घेतलेत तर वर सांगितलेला फरक लक्षात ठेवून घ्या. अध्यापक महाविद्यालयातल्या नोकरीसाठी एम.ए. शिक्षणशास्त्र आणि एम.एड. सगळीकडे एकसारखे मोजले जात नाहीत, हा त्यातला उणा भाग. तुमचे मन तिकडे नाही असे पत्रावरून वाटते, म्हणून मी तो उणेपणा पत्करायला सांगतो आहे. प्रवेशापूर्वी संस्थेची लेखी पूर्वपरवानगी मात्र घ्याच. तोंडी ‘करा हो मॅडम’ पुढच्या व्यवस्थापनाला आठवत नाही.

पदवी अशी घरी चालू असताना खरे शिक्षण दोन ठिकाणी घ्या. पहिले ठिकाण तुमच्यापासून एका दिवसाच्या अंतरावर आहे: शिरूर तालुक्यातले पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतून डॉक्टरेट घेऊन आले, हिंदुस्तान लीव्हरमध्ये संशोधक म्हणून काम केले, आणि तेथून बाहेर पडून १९८३ मध्ये त्यांनी या पर्जन्यछायेतल्या गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत टिकत नाही म्हणून हिणवले गेलेले मूल वेल्डिंग करताना, विहिरीचे पाणी मोजताना, कोंबड्यांच्या खाद्याचा हिशेब करताना उत्तम शिकते, कारण माणूस मुळात काम करता करताच शिकत आला आहे, हे त्यांचे सांगणे होते. त्यातून आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तयार झाला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग आहेत. मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगी पडले पाहिजे ही त्यातली अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण गिऱ्हाईक आले की मापाला अर्थ येतो. मुलांनी जोडलेले फाटक लागले नाही तर गुण कापायला शिक्षक लागत नाही, शेतकरीच येऊन सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे आठवडाभर राहण्याची परवानगी मागा. मुले काय करतात त्याच्याबरोबर तिथले शिक्षक केव्हा बोलतात आणि केव्हा गप्प राहतात, हे टिपून आणा.

दुसरे ठिकाण मानखुर्द. होमी भाभा केंद्र शिक्षकांसाठी कार्यशाळा घेते, आणि विज्ञान, तंत्रज्ञान व गणित शिक्षणावरची ‘एपिस्टेम’ ही आंतरराष्ट्रीय परिषद २००४ पासून भरवत आले आहे. तिथले पीएच.डी.चे काम पूर्णवेळ असते, म्हणून आज लगेच अर्ज करा असे म्हणत नाही. त्यांचे प्रकाशित लेख मात्र आजपासून वाचा. इंग्रजी संशोधन-लेख सुरुवातीला कानशीसारखा खरखरीत लागतो. पहिले तीन वाचताना मधला आकडेवारीचा भाग सोडून दिलात तरी चालेल, मुलांनी काय केले आणि काय म्हटले तेवढेच वाचा.

आणि तिसरे काम शाळेतच. एक जाड वही करा. प्रत्येक कामाच्या तासानंतर त्याच दिवशी अर्धे पान लिहा: मुलांनी आधी काय काढले, प्रत्यक्ष काय केले, कुठे अडले, कोणाच्या तोंडून कोणते वाक्य आले. वाक्य मुलाच्याच बोलीत लिहा, प्रमाण भाषेत शुद्ध करून नव्हे. चुकलेली कार्डशीटची नरसाळी फेकून दिली नसतील अशी आशा आहे. असतील तर पुढच्या तुकडीची जपा, मागे तारीख टाका. मुलांची छायाचित्रे घेणार असाल तर पालकांची लेखी संमती आधी घ्या आणि लिहिताना नावे बदला. दोन वर्षांत ही वही भरली की लघुप्रबंधाचा विषय शोधावा लागणार नाही. उलट, पाचपैकी कोणते चार सोडायचे ही अडचण येईल.

पीएच.डी.चा निर्णय त्यानंतर. २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करायला वाट दिली आहे, त्यासाठी नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मुदत किमान तीन आणि एरवी कमाल सहा वर्षे. त्यापुढची मुदतवाढ धरून महिलांना एकूण दहा वर्षांपर्यंत सवड मिळू शकते. तुम्ही पीएच.डी. सुरू कराल तोवर तुमची मुलगी सहावी-सातवीत असेल. वयाची चिंता तुम्ही दोन परिच्छेदांत लिहिली आहे, मी तिला एवढेच उत्तर देतो की या विषयात अकरा वर्षांचा लेथपाशी उभे राहण्याचा अनुभव नसलेला तेवीस वर्षांचा उमेदवार तुमच्यापेक्षा मागे आहे, पुढे नाही.

‘एवढे करून माझे पद टिकेल का?’ असे तुम्ही विचारले आहे, आणि इथे मी गोड बोलणार नाही. पद संचमान्यतेवर, म्हणजे पटसंख्येवरून मंजूर होणाऱ्या शिक्षकपदांवर, टिकते, पदवीवर नाही. पटसंख्या घसरली तर पीएच.डी. झालेला शिक्षकही अतिरिक्त ठरतो. दुसरी बाजू अशी की २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सहावीपासून व्यावसायिक शिक्षणाचा परिचय करून द्यायला सांगते, २०२३ च्या शालेय आराखड्याने सजीवांबरोबरचे काम, यंत्र व साहित्याबरोबरचे काम आणि मानवी सेवा असे त्याचे तीन भाग पाडले, आणि एनसीईआरटीने त्याप्रमाणे ‘कौशल बोध’ ही पाठ्यपुस्तके काढली. पुस्तक आले, शिकवणारा कोण? पुष्कळ शाळांत ते ज्याच्या तासिका कमी भरतात त्याच्या गळ्यात पडेल. जिल्ह्यात हे काम समजून करणारी आणि इतर शिक्षकांना शिकवू शकणारी व्यक्ती कोण, असे विचारले जाईल तेव्हा तुमचे नाव पुढे यावे एवढी तयारी तुम्ही करू शकता.

तुमच्या शाळेला मिळालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळेतला त्रिमितीय मुद्रक दोन वर्षे प्लॅस्टिकखाली झाकलेला आहे आणि मुख्याध्यापक ‘बिघडेल’ म्हणून हात लावू देत नाहीत, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना म्हणावे, या योजनेत शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते ते मुलांनी हाताळावे म्हणून. मात्र तो मुद्रक नरसाळ्याच्या पाठाला आणू नका. तो घन वस्तू थरावर थर देऊन तयार करतो, सपाट पत्र्याचा प्रश्नच उरू देत नाही, आणि तुमचा अभ्यास नेमका त्या प्रश्नाचा आहे.

ताजा कलम म्हणून तुम्ही विचारता की नरसाळ्याचा तो प्रसंग लिहून कुठे पाठवता येईल का. राज्य मंडळाचे ‘शिक्षण संक्रमण’ आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे ‘जीवन शिक्षण’ ही दोन्ही नियतकालिके शिक्षकांसाठीच आहेत. दीड हजार शब्दांत लिहा, सोबत चुकलेल्या आणि बरोबर उलगड्याची रेखाकृती स्वतः काढून जोडा, आणि त्या मुलीने काय म्हटले ते तिच्याच शब्दांत ठेवा. पाठवण्याआधी एकदा तिच्या आईकडे जाऊन या. अंब्रेला फ्रॉकचा घेर ती कोणत्या हिशेबाने धरते, हे विचारल्याशिवाय तुमचा लेख अर्धा राहील.